पिंपाचं बूच

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी पिंप आहे. पोट मोठं आणि काळीज चिमणीएवढं!

एका सुताराने फळ्यांना वाफ देऊन मला घडवलं, लोखंडी पट्ट्यांनी आवळलं. आजोबांच्या मळ्यातल्या सफरचंदांचा रस माझ्या पोटात आंबायचा. "असं पिंप शोधून सापडणार नाही," असं ते पाहुण्यांना सांगत. ते गेले आणि मी शेडच्या कोपऱ्यात पडलो. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले.

यंदा आजोबांची नात आली. मळ्यातच सायडरचा, म्हणजे त्याच आंबवलेल्या रसाचा, धंदा काढायचा म्हणाली. थोरल्या काकांना मळा विकायचा होता. ते म्हणाले, एक हंगाम बघू, पहिलंच पिंप बिघडलं तर मळा विकायचा.

पहिलं पिंप म्हणजे मी! माझी तर झोपच उडाली.

नातीने मला पाण्याने भरून ठेवलं. फळ्या फुगल्या, गळती थांबली. मग माझ्यात रस भरला, बूच मुद्दाम सैल ठेवलं आणि ती बाटल्या बघायला शहरात गेली.

तेवढ्यात तिची आई आली. जन्मभर बरण्या भरलेली बाई. सैल झाकण दिसलं की तिचा जीव वरखाली होतो. पोरीला एवढंही कळत नाही, असं पुटपुटत तिने हातोडीने बूच घट्ट ठोकलं. अहो, आंबणाऱ्या रसातून वायू सुटतो, तो जाणार कुठे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! पट्ट्या करकरू लागल्या, सांध्यांतून फेस आला. आता मी फुटणार आणि माझ्यापायी मळा जाणार, या भीतीने मी अर्धा झालो. फेस दिसताच आई धावली, तेही बूच आणखी ठोकायला!

सुदैवाने नात दारात पोहोचली.

"आई, थांब. त्याला श्वास घेऊ दे."

तिने बूच हलकेच हलवलं. ते उडून थेट छपराला लागलं, दोघी फेसाने न्हाल्या. आईने हातातली हातोडी खाली ठेवली.

"मी काळजीच घेत होते गं."

"माहीत आहे मला," नात म्हणाली आणि तिच्या कपाळावरचा फेस पुसू लागली.

तेव्हापासून आई रोज येते, माझ्या पोटाला कान लावते आणि बुचाला हात न लावता जाते. मी मात्र काकांच्या धास्तीने झुरत होतो. शेवटी सायडर तयार झालं. काकांनी पेला घेतला, सावकाश संपवला. मग त्यांनी विचारलं, "असं दुसरं पिंप कुठे मिळेल?"

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, माणसांचीही घ्या. फक्त बूच जरा सैल ठेवा.