गडहिंग्लजच्या पावण्याची कमेंट

हरणी हे नाव ऐकून ज्यांच्या डोळ्यांसमोर बारीक पायांचं, लाजरंबुजरं काहीतरी येतं, त्यांनी एकदा गवळी गल्लीत यावं. हरणी म्हणजे सोमशेखर काकांची म्हैस. ती रस्त्यात आली की रिक्षावाले आपणहून ब्रेक मारतात. शिंगं पार पाठीवर गेलेली, कातडं तेल प्यालेल्या तव्यासारखं, आणि स्वभाव दहावीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकासारखा. मनात आलं तर ऐकणार.

शांभवीला हा स्वभाव चांगलाच ओळखीचा होता, कारण ती स्वतः त्याच बाकावर बसायची. तिचे बाबा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, त्यामुळं गोठा सगळा काकांचा. म्हणजे काकांच्या नावाचा. धार काका काढायचे आणि मिशीला पीळही तेच द्यायचे. पण शाळेआधी वैरण टाकायची, पेंड भिजवायची, हरणीच्या गळ्याखाली खाजवायचं आणि "हर्णेऽऽ, ये गं बाय" करत तिला पाण्यावर न्यायचं, हे सगळं शांभवीचं.

कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला म्हशी नटतात. शिंगांना रंग, डोक्याला मोरपिसं, गळ्यात कवड्यांचे पट्टे, पायात घुंगरं. नटूनथटून झालं की मैदानात म्हैस पळवायची. पळवायची म्हणजे दोरी धरून ओढायची नाही. माणूस पुढं आणि मोकळी म्हैस मागं, नुसत्या आवाजावर. ज्याच्या मागं म्हैस पळाली तो खरा मालक, बाकीचे नुसते वैरण आणणारे. काका सायलेन्सर काढलेल्या बुलेटवरनं पुढं सुटायचे आणि हरणी मागनं धडधडत यायची. निदान काका तसं सांगायचे.

यंदा शांभवीला पळवायची होती. बुलेटवरनं नाही, पायी. नवरात्रातच तिनं विषय काढला होता.

"काका, यंदा हरणीला मी पळवतो की."

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "कोण, तू?"

"व्हय."

"पोरीबाळींनी पाडव्याला रांगोळी काढावी. म्हैस पळवायची म्हंजे काय शाळंतली पीटी न्हाय."

"पण ती माझं ऐकती."

"ती कुणाचं ऐकती ते वेबसाइटवर लिवलंय. जा, वाच जा."

लिहिलं होतं खरं, आणि टाइप शांभवीनंच केलं होतं. ‘हरणीची डायरी’ हा तिचा ब्लॉग. मे महिन्याच्या सुट्टीत तिनं एकटीनं तो उभा केला, आणि तेव्हापासून ती घरात जरा ताठच चालायची. ‘आज हरणीनं शेजाऱ्यांची चादर खाल्ली’ असल्या पोस्ट ती टाकायची, आणि खाली वर्गातल्या पोरी कमेंटचा पाऊस पाडायच्या. काकांना हे पोरकट वाटायचं. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक कायमचं पान करून घेतलं होतं: ‘आमची हरणी’. मजकूर त्यांचा. ‘हरणी ही फक्त श्री. सोमशेखर यांच्या आवाजावर धावते. इतर कोणाचेही ऐकत नाही. गतवर्षी तिने पाडव्याचे मैदान मारले.’ पोस्ट रोज नवी येते, पान मात्र चौकातल्या फ्लेक्ससारखं. एकदा लावलं की लावलं. त्याच्याखाली कुणाला काही लिहायची सोय नव्हती.

आणि सोय नव्हती हे एका अर्थी बरंच होतं. कारण गेल्या पाडव्याला हरणीनं मैदान मारलं ते बुलेटच्या मागं पळून नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, गर्दीत, मुठीत गुळाचा खडा घेऊन शांभवी उभी होती आणि तिनं हळूच हाक मारली होती. हरणी बुलेटला ओलांडून सरळ तिच्याकडं गेली. अर्ध्या पेठेनं हे बघितलं. पण सोमाण्णांच्या, म्हणजे काकांच्या, तोंडावर कोण बोलणार? दुसऱ्या दिवशी सकाळी दूध त्यांच्याकडनंच घ्यायचं असतं, आणि त्यात पाणी किती घालायचं हे त्यांच्या हातात असतं.

दिवाळी जवळ आली, तसे एका दुपारी काका तणतणत घरात शिरले.

"त्या पलीकडच्या गल्लीतल्या यशराजच्या रेड्याचं पान बघितलंस? खाली लोकांनी काय काय लिवलंय. नाद खुळा म्हणं, एकच नंबर म्हणं. रेड्याला. आणि आमच्या पानाखाली एक माणूस न्हाय?"

"पानाला कमेंट बंद असत्यात, काका. पोस्टला चालू, पानाला बंद. मुळातच तसं येतंय ते."

"मग चालू कर."

शांभवीला हसू येऊ लागलं. तिनं चेहरा शक्य तितका अभ्यासू केला.

"करतो की. पण एक सांगा, आलेली कमेंट आधी तुम्हाला दाखवायची आणि मग पानावर घालायची, का आली की थेट?"

"थेट. मी काय लपवून ठेवलंय? माझ्याबद्दल वाईट लिवणारा अजून जल्माला यायचाय."

"बघा हं. परत म्हणशीला."

"शांभे, सोमशेखर एकदा बोलला की बोलला."

मुख्य सेटिंगमध्ये जाऊन तिनं कमेंटपुढं खूण केली आणि पान उघडून दाखवलं. खाली ठणठणाट. शाळेत काय शिकवतात कोण जाणे, असा चेहरा काकांनी केला. मग तिच्या लक्षात आलं, ती खूण फक्त इथून पुढं होणाऱ्या पानांना लागते. जुन्या पानाची खूण त्या त्या पानात जाऊन वेगळी करावी लागते. ती ‘आमची हरणी’च्या आत शिरली, कमेंटच्या परवानगीवर टिचकी मारली, पान पुन्हा साठवलं, आणि तळाशी एक पांढरा चौकोन उगवला. त्या चौकोनाच्या डोक्यावर तिनं स्वतःच्या मनानं एक ओळ लिहिली: ‘गेल्या पाडव्याला मैदानात होता का? जे डोळ्यांनी बघितलं ते लिहा.’

काकांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. "हे झ्याक केलंस," ते म्हणाले.

शांभवीची मैत्रीण वर्षाराणी. तिला एखादी गोष्ट कळली की पेठेला वेगळं सांगावं लागत नाही. तिनं पानाची लिंक सगळ्या ग्रुपवर फिरवली. सुरुवात गोड झाली. ‘नाद खुळा सोमाण्णा.’ ‘म्हैस लई भारी.’ कुणीतरी लिहिलं, ‘उद्या अर्धा लिटर जादा पाठवा, पावणं आल्यात.’ काका ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाइल दाखवत होते.

मग ‘सांगत न्हाय’ अशा नावानं एकानं लिहिलं, ‘मी कमानीजवळ हुतो. म्हैस बुलेटच्या मागं न्हवती. पुढं हुती.’

त्याच्याखाली ‘म्हशीचा मेव्हणा’ आला. ‘व्हय व्हय. टोकाला एक पोरगी हुती, हातात गूळ.’

आणि त्याच्याखाली समोरच्या झुंबरबाई. खोटं नाव घालता येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी घातलं नसतं. ‘पोरगी म्हंजे शांभवी. सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. आणि सोमा, दुधात पाणी कमी घाल.’

काकांनी मोबाइल खिशात घातला. मग म्हणाले, "शांभे, तुझा तो लॅपटॉप दे जरा. बातम्या बघायच्यात."

लॅपटॉप घेऊन ते गोठ्यात गेले. बाहेर शांभवीला एका बोटाचं टकटक ऐकू येत होतं, आणि मधूनच "वेलांटी कुठं गेली ही" असं काहीतरी. बातम्या बघायला वेलांटी कशाला लागते हे तिनं विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर तिनं पान उघडलं. नवी कमेंट होती.

‘मी गडहिंग्लजचा पावणा. सोमशेखर कोण हे मला माहीत नाही. एसटीला वेळ होता म्हणून सहज मैदानात गेलो. त्यांच्या बुलेटमागे म्हैस काय पळाली. असा मर्द गडी मी जन्मात पाहिला नाही. पोरगी वगैरे कोणी नव्हती.’

आणि या गडहिंग्लजच्या पावण्याच्या डोक्यावर गोल चौकटीत काकांचा फोटो झळकत होता. काळा गॉगल, बुलेट, मिशी. शेजारी ठळक अक्षरात नाव: सोमशेखर.

शांभवीनं तोंडावर हात दाबला. ‘आमची हरणी’ काकांच्या नावानं दिसावं म्हणून लॅपटॉपवर काकांचं खातं तिनंच उघडून ठेवलेलं. मालक आत असला की वेबसाइट त्याला नाव विचारत नाही, फोटोसकट आपणच लावून मोकळी होते. बाकी लोकांना नावाचा रकाना दिसतो, काकांना दिसलाच नाही. त्यांना वाटलं, नाव विचारलं नाही म्हणजे नाव जात नाही.

एका टिचकीत ती कमेंट पुसता आली असती. शांभवीचं बोट तिथवर गेलंही. मग तिला ‘थेट’ आठवलं, रांगोळी आठवली. तिनं लॅपटॉप मिटला आणि वैरण टाकायला गेली. त्या दिवशी वैरण टाकायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

परत येईपर्यंत पेठ जागी झाली होती. ‘गडहिंग्लजचं पावणं, तुमचं तोंड आमच्या सोमाण्णावर गेलंय. जत्रंत हरवल्यालं भाऊ काय?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘बुलेटवर बसून एसटीची वाट बघणारा माणूस पैल्यांदाच बघितला.’ शेवटी यशराज. ‘पाडव्याला सोमशेखरांनी हाक मारावी, शांभवीनं पण मारावी. काय ते म्हैस ठरवंल. गडहिंग्लजच्या पावण्यांनी साक्षीला यावं.’

दुसऱ्या दिवशी काका दूध घालून आले ते लालबुंद होऊन. दारादारात एकच स्वागत झालं होतं: या पावणं.

"बंद कर ते," ते म्हणाले.

"करतो. खूण काढली की बंद. पण मग लोक म्हणतील, गडहिंग्लजचं पावणं भिऊन पळालं."

काका खाली बसले. "तुला म्हाईत हुतं काय, ते फोटूचं?"

"आधी न्हवतं. दिसलं तवा कळलं."

"मग पुसलं का न्हाईस?"

"तुम्हीच म्हणलासा. थेट."

गोठ्यातून हरणी एकदा लांबलचक रेकली. कुणाच्या बाजूनं, ते कळलं नाही.

"दोघं हाक मारूया, काका. तुमच्या मागं आली तर मी जल्मभर रांगोळी काढतो."

"आणि तुझ्या मागं आली तर?"

"तर हितनं पुढं मीच पळवणार. आणि पानावर पण तसंच लिवायचं."

काकांनी मिशीला हात लावला, पण पीळ दिला नाही. "गूळ न्हाय न्यायचा."

"न्हाय नेत."

पाडव्याला मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. हरणी पंचगंगेवर धुऊन, गुलाबी शिंगं आणि मोरपिसं मिरवत मधोमध उभी. काकांनी बुलेटला किक मारली. पोरांनी कानांत बोटं घातली. "हर्णेऽऽ" करत काका जे सुटले ते थेट पलीकडच्या टोकाला. वळून बघतात तर मागं नुसती धूळ. परत आले, परत सुटले. हरणीनं शेपूट उचलून भर मैदानात आपलं मत मांडलं.

"पावणं, एसटीनंच जावा," कुणीतरी ओरडलं.

आता शांभवीची पाळी. तिनं दोन्ही तळवे उघडून काकांना दाखवले. रिकामे. मग ती टोकाला जाऊन उभी राहिली. एरवी फळ्यासमोर न अडखळणारी पोरगी, पण गुळाशिवाय हरणी आली नाही तर? तिनं हाक मारली. हरणीचा एक कान हलला, बस्स. काकांची बुलेट अजून धडधडत होती, आणि त्या आवाजात शांभवीची हाक शांभवीलाच ऐकू येत नव्हती. तिनं पुन्हा हाक मारली. कान पुन्हा हलला. हरणी आवाज शोधत होती.

हे दोनच माणसांना कळलं. एक शांभवी. दुसरे काका. हरणीचा कान कशासाठी हलतो हे ओळखायला गवळी असावं लागतं. काकांनी हरणीकडं बघितलं, पलीकडच्या पोरीकडं बघितलं, आणि किल्ली फिरवून बुलेट बंद केली.

शांभवीनं तिसऱ्यांदा हाक मारली.

"हर्णेऽऽ, ये गं बाय."

हरणीनं मान वर केली आणि सुटली. कवड्या खळाखळा वाजत होत्या, घुंगरं वाजत होती, माणसं बाजूला उड्या मारत होती. शांभवी वळून पळत सुटली, पुढं ती, मागं म्हैस, आणि त्या दोघींच्या मागं फेटा सावरत, धापा टाकत, पायी, सोमशेखर काका.

संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर शांभवीनं पानावरचा मजकूर बदलायला लॅपटॉप उघडला. तळाशी एक कमेंट आधीच येऊन बसली होती. वर तोच गॉगल, तीच बुलेट, तेच नाव.

‘मी गडहिंग्लजचा पावणा. यंदा परत एसटी चुकली. म्हैस पोरीनं पळवली, मी डोळ्यांनी बघितलं. गूळ नव्हता. तिच्या काकाला मी ओळखत नाही, पण माणूस बरा वाटला.’

गोठ्यात कुणीतरी उगाच मोठ्यानं खाकरलं. शांभवीनं आपल्या खात्यावरनं खाली उत्तर लिहिलं:

‘पावणं, सकाळी दूध घ्यायला या. बिनपाण्याचं.’