हनुवटीवरचे तीन ठिपके

"परत तेच. परत डेटॉल. कुणी बाळंत झालंय का घरात, का कुणाचा पाय कापलाय?"

केसरबाई हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हत्या. पडद्यापलीकडे दिवाणावर बसून त्या उशीला अभ्रा घालत होत्या आणि अभ्र्यालाच सांगत होत्या. पण बरकतपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत पडदा नुसता डोळ्यांपुरता होता, कानांना त्याचा काही उपयोग नव्हता.

"एकतीस वर्षं ह्याच वासात गेली. म्हटलं, रिटायर झाल्यावर तरी नाक मोकळं होईल. तर लेकीनं घरातच वॉर्ड उघडला."

पडद्याअलीकडे लेकीनं, म्हणजे माधवीनं, लोणच्याच्या बरणीचं झाकण आणखी घट्ट केलं. वास काय झाकणानं कोंडला जाणार होता? बरणीत लोणचं नव्हतं. डेटॉल होता, आणि त्यात सकाळपासून एक बाई बुडून पडली होती. अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. हिरवी, लाल डोळ्यांची, सुळे बाहेर आलेली, हातात खराटा.

माधवी अठ्ठेचाळीस वर्षांची. नामपल्लीच्या एका विमा ऑफिसात हेड क्लार्क. नवरा बुद्धभूषण रेल्वेत, त्यामुळं आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. अशा बाईच्या टेबलाच्या खणात शून्य नंबरचे ब्रश, वीस रंगांच्या बाटल्या आणि मुंडकी उडवलेले राक्षस सापडतील असं कुणालाही वाटलं नसतं. ऑफिसात तर तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. बाहुल्या रंगवते म्हटल्यावर हसतील, आणि बाहुल्या नव्हेत म्हटल्यावर जास्त हसतील.

सुरुवात तिच्या मुलीनं, शिवानीनं केली. दर रविवारी नारायणगुड्यातल्या एका कॅफेच्या माडीवर शिवानी आणि तिचे पाच-सहा दोस्त एक खेळ खेळत. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जगायचं का मरायचं ते फाशांनी ठरवायचं. ज्याची त्याची एकेक प्लास्टिकची छोटी मूर्ती, तिला म्हणायचं मिनी. तीन वर्षांपूर्वी शिवानीच्या मिनीचा हात तुटला. माधवीनं नळाच्या गळतीला लावतात त्या एम-सीलचा नवा हात करून लावला, आणि वर रंगही दिला. तो हात सगळ्यांनी उचलून उचलून बघितला म्हणे. झालं. तेव्हापासून माधवी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून, चुकत चुकत शिकली. कुणाचं डोकं कापून कुणाला लावायचं, पातळ काळा रंग सुरकुत्यांत कसा सोडायचा, आणि बिघडलेल्या मिनीचा रंग डेटॉलमध्ये बुडवून कसा उतरवायचा, हे सगळं. पोरं तिला आंटी म्हणत आणि तिनं काही नवं पाठवलं की एवढी नावाजत, की स्वयंपाक करताना तिला भाजीत मीठ घातलं का नाही ते आठवत नसे. एवढं कौतुक तिच्या वाट्याला एरवी कधी आलं होतं?

गोष्ट सांगणारा असायचा अनिकेत. सव्वीस वर्षांचा, सॉफ्टवेअरवाला, बोलायला गोड. महिन्याभरापूर्वी त्यानं फोन केला होता.

"आंटी, आपली गोष्ट संपत आली. शेवटची राक्षसीण पाहिजे. दुकानवाली चेटकीण नक्को. ही शहराच्या खाली गटारात राहते. कचऱ्याची राणी. झाडू फिरवली की रोग पसरतो. बघितलं की ईऽऽ झालं पाहिजे लोकांना. पण एकदम खरी वाटली पाहिजे. हे तुम्हीच करू सकते आंटी, दुसरं कोण नाही."

पहिली वाक्यं माधवीला कुठंतरी टोचली होती. शेवटच्या वाक्यानं ते टोचणं पुसून टाकलं.

तिनं एक जुनी चेटकीण घेतली. मान ब्लेडनं उडवली. कमरेत तार घालून ती वाकवली आणि वर एम-सील चढवत गेली. पाठ चारचौघी म्हाताऱ्यांसारखी वाकेना. ती डाव्या अंगावर वाकली, डावा खांदा खाली, मान किंचित वर, समोरून कुणी आलं तर अंग चोरायला तयार. पदर कमरेला खोचला गेला तो मागून पुढं. पायाची बोटं फाकली. टूथब्रशच्या केसांचा खराटा केला, तो डाव्या हातात बसला. सुईच्या टोकानं हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके टोचले, तेव्हा कुठं माधवीचा हात थांबला.

ही माय होती.

आणि मग तिचा हात पुन्हा चालू झाला. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती, स्वतःलाही धड नाही. तिनं थांबायला हवं होतं. पण आजवर तिच्या हातून असं काही झालंच नव्हतं. तिनं त्या तोंडाला हिरवा रंग दिला. डोळे लाल केले. टूथपिकची दोन टोकं कापून सुळे चिकटवले. मग दिव्याखाली धरून, मान तिरकी करून बघत बसली, आणि तिला अभिमान वाटला.

शिवानीनं ती हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली.

"सॉलिड आहे, मम्मी," शेवटी म्हणाली. मग म्हणाली, "झाडू डाव्या हातात ठेवलीस?"

"आली तशी ठेवली."

"अच्छा."

दोघी चार दिवस त्या अच्छाच्या भोवतीनं ये-जा करत राहिल्या, वाटेत सांडलेलं तेल चुकवावं तशा. फोटो पोरांच्या ग्रुपवर गेला. बदामांचा पाऊस पडला. अनिकेतनं लिहिलं, "क्या बनाये आंटी, मैं तो हौला हो गया, एकदम पागल. संडे को इसको मारने में क्या मज़ा आएगा!"

ते वाचून माधवीला रात्री जेवण गेलं नाही.

केसरबाईंना हे काही ठाऊक नव्हतं. निदान माधवी असं धरून चालली होती. मागच्याच महिन्यात त्यांचा मोतीबिंदू काढला होता. तोवर त्यांना दोन पेरांची मिनी आणि लवंग यात फरक दिसत नसे. आता त्यांना सगळंच दिसायला लागलं होतं. गॅसच्या बटणामागचं मेण, पंख्यावरची जळमटं, माधवीचे कानामागचे पांढरे केस. "बाई, म्हातारी व्हायलीस की गं," त्या आश्चर्यानं म्हणाल्या होत्या.

बिल्डिंगमध्ये केसरबाईंना सगळे सिस्टर अम्मा म्हणत. त्याला कारण माधवीच. सातवीत असताना चित्रकलेचं बक्षीस मिळालं होतं, आणि केसरबाई ड्यूटीवरून थेट शाळेत आल्या होत्या, हॉस्पिटलची निळी साडी, पायांत रबरी चपला, अंगाला फिनेलचा वास. टीचरनं विचारलं, ह्या कोण? माधवीनं सांगितलं, आई नर्स आहे, तिला सुट्टी नाही मिळाली, तिनं वॉर्डातल्या ह्या मावशींना पाठवलंय. केसरबाई दारातच उभ्या होत्या. क्षणभरच. मग म्हणाल्या, "हो बाई. सिस्टरनीच पाठवलंय मला." आणि बक्षिसाची रंगपेटी त्यांनी मावशीसारखीच, एक पाऊल मागून चालत, घरी आणली. पस्तीस वर्षं झाली त्याला. त्यावर घरात एक शब्द निघाला नाही. उलट केसरबाईंनी ते खोटं आपलंच असल्यासारखं सांभाळलं. शेजारच्या बाईंनी बीपीची गोळी दाखवली तर चष्मा लावून गंभीरपणे बघत, आणि म्हणत, "डॉक्टरला विचारा, मी आता रिटायर झाले."

आज शनिवार. संध्याकाळी अनिकेत मिनी न्यायला येणार होता. सकाळी उठल्याबरोबर माधवीनं ती बरणीत टाकली होती. त्याला सांगता येईल, रंग बिघडला, पडली, काहीही. रंग उतरवायचा, वर काहीतरी दुसरंच थापायचं, आणि विषय संपवायचा. तिचा बेत एवढाच होता. मायला दिसायच्या आत.

चार वाजता तिनं झाकण उघडलं. चिमट्यानं मिनी बाहेर काढली. हिरवा रंग भिजलेल्या पापुद्र्यासारखा सुटत होता. तिनं टूथब्रश उचलला तोच पडदा सरकला.

"काय करायलीस गं एवढं, दिवसभर?"

आणि माधवी दचकली. तीन वर्षांत जी चूक तिनं कधी केली नव्हती ती तिनं केली. मिनी सरळ सिंकच्या नळाखाली धरली, भांडं विसळल्यासारखी. डेटॉलला पाणी लागलं की सुटलेला रंग चिकट होतो, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. बघता बघता त्या बाईच्या अंगाला हिरवा-काळा डिंक झाला. तो माधवीच्या बोटांना लागला, नळाला लागला, पुसला तिथं तिथं पसरला.

"काही नाही माय, तू बस. गरम होतंय इथं."

"असं नसतंय ते," केसरबाई म्हणाल्या. "आधी पाणी घालतात का? आण इकडं."

"माय, राहू दे."

"आण गं."

त्यांनी ते लेकीच्या हातातून काढून घेतलं. बशीत कोरा डेटॉल ओतला, ब्रश बुडवला आणि ओट्याशी उभं राहून घासायला लागल्या. डावा खांदा खाली गेला. पाठ त्या अंगावर वाकली. "डेटॉल, मग घासायचं, मग कोरड्या फडक्यानं पुसायचं. पाणी सगळ्यात शेवटी. लादीचं असंच असतंय. नवीन पोरी आल्या की आधी बादली ओतायच्या. मग बसायच्या चिखल पुसत."

शिवानी आतल्या दाराशी येऊन उभी होती. तिनं आईकडं बघितलं. माधवीनं बेसिनकडं बघितलं.

घासता घासता हिरवं तोंड गेलं. लाल डोळे गेले. एक सुळा सुटून बशीत पडला, मग दुसरा. माधवीला वाटलं होतं, रंग उतरला की राक्षसीण जाईल. राक्षसीण गेलीच. पण रंगाखाली एम-सील होतं, आणि त्याला डेटॉल काही करू शकत नव्हता. पाठ तशीच. खोचलेला पदर तसाच. रंग गेल्यावर हनुवटीवरचे तीन ठिपके उलट जास्तच उठून दिसायला लागले.

केसरबाईंनी ते पदरानं पुसलं. तळहातावर घेतलं. खिडकीकडं गेल्या, नवे डोळे बारीक केले, लांब धरलं, जवळ धरलं. बराच वेळ. मग परत ओट्यावर ठेवलं, आडवं नाही, नीट उभं.

तेवढ्यात बेल वाजली.

"नमस्ते आज्जी! नमस्ते आंटी! कहाँ है अपनी राणी?" अनिकेत चपला काढतच आत आला. ओट्यावरची मिनी बघून त्याचा चेहरा उतरला. "अय्यो आंटी, ये क्या! रंग कुठं गेला? कैकू निकाले?"

"बिघडला," माधवी म्हणाली.

"फोटोत तर मस्त होता!" त्यानं मिनी उचलली. "पण डिटेल बघा ना यार. गोंदणपण आहे? आणि झाडू डाव्या हातात! शिवानी, बघितलीस? लेफ्टी राक्षसीण! हे कसं सुचतं, आंटी?"

त्याचं हसू तसंच होतं, पण नजर सहज वर गेली होती. केसरबाई डाव्या हातानं ओटा पुसत होत्या. पुसता पुसता त्यांनी मान उचलली आणि उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला.

अनिकेतनं मिनीकडं बघितलं. परत केसरबाईंकडं. मग मिनी इतक्या हळू खाली ठेवली की आवाजही झाला नाही.

खोलीत चौघंजण होती आणि चौघांनाही ठाऊक होतं. पंखा फिरत होता. शिवानी नखं बघत होती. अनिकेतचे कान लाल झाले होते. पोरगा वाईट नव्हता. त्याला सगळ्यांना त्यातून बाहेर काढायचं होतं, आणि जी वाट त्याला माहीत होती ती त्यानं धरली.

"आज्जी," तो घाईघाईनं म्हणाला, "तुम्हाला ठाऊक असेल, ना, डेटॉल-बिटॉलचं. तुम्ही तर हॉस्पिटलमध्ये सिस्टर होते ना? शिवानीनं सांगितलं होतं."

माधवीनं मायकडं बघितलं. माय तिच्याकडंच बघत होती. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. माय वाट बघत होती, शाळेच्या दारात बघितली होती तशी, क्षणभरच. मग तिनं फडकं पिळलं आणि नेहमीच्या, सांभाळून घेणाऱ्या आवाजात सुरू केलं.

"हो बाबा, सिस्टरच..."

"नव्हती," माधवी म्हणाली.

आवाज चिरकला. तिनं तो सावरला नाही.

"सिस्टर नव्हती, अनिकेत. माझी माय वॉर्ड झाडायची. लोकांचं हागलं-ओकलं धुवायची. एकतीस वर्षं. त्यावर मी शिकले. आणि ही कुणी राणी नाही. ही तीच आहे. तिलाच मी चेटकीण केलं."