गुराबीचे दोर

"मागं सरक. अजून. हां, थांब आता!" जानराव मास्तर ओटीच्या खांबापाशी उकिडवे बसून ओरडले. "पीळ सोडू नको."

वच्छलाबाईंनी पीळ सोडला नव्हताच. खांबाला बांधलेल्या तीन सुतांची टोकं चिमटीत धरून त्या उलट्या पावलांनी ओटी उतरल्या होत्या आणि अंगण ओलांडून थेट कवाडाला पाठ लागेपर्यंत गेल्या होत्या. बोटं सारखी फिरत होती. तिन्ही सुतं एकमेकांवर चढून घट्ट बसत होती आणि घोड्याच्या केसाएवढी बारीक दोरी तयार होत होती.

"अवो," कवाडातून त्या म्हणाल्या, "समुद्राचं पानी पेता येते का?"

"नाई. खारं असते."

"सारंच?"

"सारंच."

"मंग इतक्या पान्याचं करतेत काय बाप्पा लोक?"

मास्तर हसले. १९३५ सालची दिवाळीची सुटी लागली होती आणि चार दिवसांनी दोघं मुंबईला जाणार होते. राजापेठेतल्या सगळ्या ओळखीच्या बायांना वच्छलाबाईंनी हे सांगून टाकलं होतं. शेजारच्या गंगूबाईंनी तर येताना शिंपले आणायचंही कबूल करून घेतलं होतं.

जानराव अमरावतीच्या एका शाळेत सुतारकाम शिकवत. वऱ्हाडात जन्मले, वऱ्हाडातच वाढले. बडनेऱ्याच्या पलीकडे फार तर अकोल्यापर्यंत गेलेले. अशा माणसाचा जहाजाशी संबंध यायचं कारण नव्हतं. पण सहा वर्षांपूर्वी शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी हेडमास्तरांनी मराठ्यांच्या आरमारातली गुराब करायला सांगितली. गुराब म्हणजे दोन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज. मास्तरांनी कॅलेंडरवरचं एक चित्र समोर ठेवून ते केलं आणि शिडांना लाल-पिवळे गोफ बांधले. लोकांनी वाहवा केली. एक म्हातारे गृहस्थ मात्र बराच वेळ त्याच्याभोवती फिरत राहिले. ते कोकणातले तांडेल होते. चाळीस वर्षं जहाजं हाकून आता अकोल्याला मुलाकडे राहायला आले होते; मुलगा रेल्वेत होता.

"मास्तर, हात चांगला आहे तुमचा," तांडेल म्हणाले. "पण हे जहाज नाही, हे रुखवत आहे. या दोऱ्या कशासाठी बांधल्यात, सांगाल?"

मास्तरांनी ते जहाज त्याच आठवड्यात मोडलं.

त्यानंतर दर रविवारी ते अकोल्याला जाऊ लागले. तांडेल बोलत, मास्तर वहीत काढून घेत. कुठली दोरी डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरते, कुठली शीड चढवते, कुठली सोडली म्हणजे वारा निसटतो. परतवाड्याहून मेळघाटाचं जुनं सागवान आणलं. खऱ्या जहाजाच्या एका फुटाला पाव इंच, असं माप धरलं. सांगाडा, फळ्या, तोफांची भोकं, सगळं झालं. पण दोर बाजारात मिळेना. बाजारातलं सूत या मापाला दोरखंडासारखं जाड दिसे आणि पिळाची दिशाही उलटी असे.

तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, "मी वळून पाहू का?"

त्यांचं माहेर नांदगाव पेठेचं, भाजीपाल्याच्या मळ्याचं. मोटेचा नाडा घरीच वळत. अंबाडीवर शिकलेली बोटं कापसावर बसायला महिना लागला. मग मात्र मास्तर मागतील त्या जाडीची दोरी मिळू लागली. हिरड्याच्या पाण्यात बुडवून, मेण लावून ती वाळत घातली की काथ्याची वाटे. दुपारी सैपाक आवरला की बाई सूत घेऊन बसत. चार वर्षं हेच चाललं होतं. या बदल्यात त्यांनी एकदाच काही मागितलं होतं: "मले बी दाखवा ना समुद्र."

मुंबईचं ठरलं ते दोरांमुळेच. "गुराबी आता राहिल्या नाहीत," तांडेल म्हणाले होते, "पण शिडाच्या मालवाहू पत्तेमारीचे दोर जवळजवळ तसेच. बंदरात जाऊन बघा, हात लावून बघा." त्यांनी ओळखीच्या नाखव्याला कळवलं. मग तांडेलांचं पत्र जाण्याच्या दोन दिवस आधी आलं. कौलं घेऊन आलेली पत्तेमारी तीन दिवस बंदरात उभी राहील, मास्तरांना जहाजावर राहता येईल. आणि खाली एक ओळ होती: वहिनींना जरूर आणा, माझ्या भाचीकडे माहीमला त्यांची सोय केली आहे.

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. बाईला आधी माहीमला पोचवायचं, मग परत आणायचं, चौपाटी दाखवायची. तीनातला एक दिवस तर त्यातच जाणार. त्यांनी पत्र घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं.

"जहाजावर बाईमानसाले येऊ देत नाईत म्हनतेत," ते घरात जाऊन म्हणाले.

वच्छलाबाई दशम्या थापत होत्या. हात थांबला नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग दशम्या जराशा कमीच करतो."

मास्तर मुंबईला गेले. तीन दिवस पत्तेमारीवर राहिले, एकूण एक दोर मोजला, प्रत्येक गाठ स्वतः बांधून पाहिली. वही भरली. आयुष्यात इतका आनंद आपल्याला कधी झाला नव्हता, असं त्यांना परतीच्या गाडीत वाटलं.

घरी जेवताना वच्छलाबाईंनी वाढता वाढता विचारलं, "कसा असते समुद्र?"

"अवं, शीड चढवाचा दोर डोलकाठीच्या मागून येते! आपन पुढून घेतला होता. सारं उकलाव लागते आता."

"ते नाई. पानी कसं हाय म्हनतो मी."

मास्तरांचा घास हातात राहिला. त्यांनी आठवून पाहिलं. दोर आठवले, कप्प्या आठवल्या, नाखव्याच्या तळव्यांवरचे घट्टे आठवले. पाणी कुठल्या रंगाचं होतं? सकाळी कसं दिसे, संध्याकाळी कसं? तीन दिवस ते पाण्यावरच होते आणि त्यांनी मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं.

"मोठा हाय," ते म्हणाले.

"मोठा त असनच," असं म्हणून बाई हसल्या आणि आमटी आणायला उठल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

सगळे दोर उकलून नव्यानं बांधायला अडीच वर्षं लागली. त्या काळात बाईंच्या हातून कामं थोडी थोडी सांडू लागली. डाळीत खडा राहायचा, उंबऱ्याला ठेच लागायची. "ध्यान कुठी असते तुहं?" असं मास्तर चिडून म्हणत. दोर मात्र एकही वाकडा आला नाही, त्यामुळे दुसरं काही त्यांच्या मनात आलं नाही.

१९३८ च्या उन्हाळ्यात अकोल्याला मोठं प्रदर्शन भरलं. गुराब काचेच्या पेटीत ठेवली होती. परतवाड्याला दिलेली मुलगी शालू आली होती. तिचा हात धरून वच्छलाबाई आल्या. तांडेलांना मुलानं खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यांनी पेटी उघडायला लावली, एक दोर बोटानं ओढला. शीड सरसर वर चढलं. दुसरा सैल केला, शीड फिरलं. मग तांडेलांनी तो दोर चिमटीत फिरवून पाहिला.

"दोर कोणी वळले?"

"हिनं," मास्तर म्हणाले.

तांडेलांनी हात जोडले. "वहिनी, आमच्याकडेसुद्धा असा दोर वळणारे आता थोडे राहिले. पण तेव्हा मुंबईला का नाही आलात? भाचीनं तुमच्यासाठी खोली झाडून ठेवली होती. दोन दिवस वाट पाहिली पोरीनं."

मास्तरांना तिथून निघून जावंसं वाटलं. शालूनं आईकडे पाहिलं.

वच्छलाबाईंनी पदर सारखा केला. "घरी काम निंगालं होतं," त्या म्हणाल्या. "तिले म्हना, माफ कर."

"बरं, निशाण तरी हात लावून बघा. मास्तरांनी झकास केलं आहे."

वच्छलाबाईंनी हात पुढे केला. निशाणापासून वीतभर अलीकडे, जिथे काहीच नव्हतं तिथे त्यांची बोटं थांबली आणि चाचपडू लागली. शालूनं हळूच तो हात धरून निशाणावर नेऊन ठेवला. हे तिला माहीत होतं, हे मास्तरांच्या लक्षात आलं.

परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्सं झाले असतीन. कडंकडंनं अंधारत आलं."

"मंग दोर कसे वळले?"

"दोराले डोये कायले लागतेत?"

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमचं चालू होतं ना," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पत्राबद्दल त्या बोलतील म्हणून ते बडनेऱ्यापर्यंत वाट पाहत राहिले. त्या बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला; गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. पुढच्या वर्षी उरलेला उजेडही गेला. गुराब शाळेनं ठेवून घेतली. मास्तरांनी त्यानंतर जहाज केलं नाही. पुष्कळांनी मागितलं, पण त्यांनी नाही म्हटलं.

१९४० च्या मे महिन्यात एक दिवस ते म्हणाले, "मुंबईले जाऊ."

"आता कायले?" वच्छलाबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चला."

ते माहीमला तांडेलांच्या भाचीकडेच उतरले. सकाळी मास्तरांनी बाईंना हाताला धरून वाळूत नेलं. त्यांनी वहाणा काढल्या आणि पाय पाण्यात बुडतील तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मास्तर या वेळी तयारीनं आले होते. काय काय सांगायचं, ते गाडीत सगळ्या रस्त्यानं मनाशी जुळवत आले होते.

"हे पाह्य," ते म्हणाले, "पानी इथी राखडी हाय. थोडं पुढं हिरवं. आन् पार दूर, जिथी आभाय टेकते ना, तिथी..."

"अवो."

"काय?"

"उगे राहा जरा. आयकू द्या मले."

मास्तर थांबले. मग दोन पावलं मागे सरून ओल्या वाळूत खाली बसले. वच्छलाबाई मान किंचित तिरकी करून उभ्या होत्या. त्यांना काय ऐकू येत होतं, ते विचारायचं धैर्य मास्तरांना झालं नाही. भरतीचं पाणी वर आलं, त्यांच्या धोतराला लागलं. मास्तर उठले नाहीत. बाजूला ठेवलेल्या बाईंच्या वहाणा मात्र त्यांनी उचलून मांडीवर घेतल्या आणि तसेच बसून राहिले.