अंगणवाडीवरची टाकी

काल सकाळी अकरा वाजता माझ्या खांबाचा एक मोठा पोपडा सुटून अंगणवाडीच्या पत्र्यावर पडला. आत मुलं होती. कुणाला लागलं नाही. मुलांना घरी पाठवलं.

मित्रांनो, मी साखरखेर्ड्याकडच्या एका गावातली पाण्याची जुनी टाकी. मी उभी राहिले तेव्हा गावाने माझ्या पायाशी नारळ फोडला. बायकांच्या डोक्यावरचे हंडे माझ्यामुळे उतरले, असं लोक कौतुकाने सांगायचे. पुढे कुणी वर पाहिलं नाही. सळया गंजल्या, खांबाला तडा गेला. मग गावाने तांत्रिक समिती नेमली. ती माझ्याच सावलीत, पंचायतीच्या ओट्यावर बसते.

तालुक्याच्या इंजिनिअर शाइस्ता मॅडम अहवाल आधीच सगळ्यांना पाठवतात. त्या बोलू लागल्या की अर्ध्यात समितीतले सर्वांत वडील, हिंमतरावकाका येतात. सरपंच पुष्पांजलीताई म्हणतात, "मॅडम, काका आले. पहिल्यापासून सांगा." मोठ्या माणसाचा मान! मग चहा, मग आणखी कुणीतरी येतं, पुन्हा पहिल्यापासून. तडा सांगून होईतो उठायची वेळ होते.

काल दुपारी मात्र मॅडमनी प्रत्येकाच्या हातात कागद दिला.

"आधी वाचा. मग टाकीखाली चला. बोलणं नंतर."

"शाळेत बसवून राह्यली काय बाई आम्हाले?" काका हसले.

"हाव काका. पण दरवेळी नापास मीच होऊन राह्यले."

सगळ्यांनी वाचलं. माझ्या खांबापाशी येऊन काकांनी तड्यात बोट घातलं. ते पेरभर आत गेलं.

"काऊन नाही सांगतलं कोणी मले?"

"तेच तर सांगून राह्यल्या मॅडम, इतक्या दिवसांपासून," ताई म्हणाल्या.

काकांनी बोट बाहेर काढलं. मग म्हणाले, "पण टाकी खाली केली तर गावाले पाणी कुठून देसान? अन् लेकरं कुठं बसवसान?"

अहवालात टाकी रिकामी करा एवढंच होतं, याचं उत्तर नव्हतं. मॅडमनी प्रश्न लिहून घेतला आणि पहिल्यांदाच बैठक पुढे सरकली. ठरलं : पाणी टँकरने द्यायचं, मुलं मारुतीच्या सभामंडपात बसवायची, मोटर लावायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, सुटले.

पण मोटरवाल्या गोविंदाला कुणी सांगायचं, अंगणवाडीत निरोप कुणी द्यायचा, ही नावं कुणी घेतलीच नाहीत. ज्याला त्याला वाटलं, दुसरा सांगेल.

मित्रांनो, बैठकीला वाचून या. वाचलं नसेल तर डोळ्यांनी पाहा आणि विचारा. पण कुणी काय करायचं, ते नाव घेतल्याशिवाय उठू नका. मला हे ओरडून सांगता येत नाही.

आज सकाळी मोटर सुरू झाली आहे. पाणी माझ्या अर्ध्यावर आलं आहे. खाली अंगणवाडीचं कुलूप उघडलं आहे आणि दाराशी चपलांचे सात छोटे जोड आहेत.