चोवीस जांभळ्या करंज्या

"सहाच? अगं पोरी, सहांत काय होतंय माझं? घरी वीस तोंडं वाट बघतायत!"

"माणशी सहा, आंटी. नियम काय मी केलाय?" बर्गरच्या दुकानातली काउंटरवरची जोसेलिन म्हणाली. "सकाळपासून दोनदा संपल्यात."

मोमीने घड्याळ पाहिले. विमानाला सव्वा तास उरला होता. तिचा पाय जागच्या जागी हलत होता.

मोलोकाई बेटावरून होनोलुलू शहरात गेलेले माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. या बर्गरवाल्यांचे दुकान बेटावर नाही, त्यामुळे निघताना शेजारपाजारचे मागण्यांची यादीच हातात देतात. त्यात वर्षातून चारच आठवडे मिळणाऱ्या या करंज्या. अळकुडीचे जांभळे, गोड सारण भरून तळलेल्या. आता मोमीच्या नवऱ्याचा अळकुडीचा मळा आहे, आणि सत्तावीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेल्या मोमीच्या हाताला चवही आहे. पण तिने घरी केल्या की पोरे म्हणायची, "छान झाल्यात, पण ह्या त्या नव्हेत." मोमीला संताप यायचा. आणि दुकानातल्या आल्या की एक ती स्वतःसाठीच लपवून ठेवायची.

आज मात्र तिला खाण्याची वासनाच नव्हती. पोटातली गाठ यकृतापर्यंत पसरली आहे, असे डॉक्टरांनी सकाळी सांगितले होते. शनिवारी धाकट्या मुलाचे, मकोआचे लग्न. तोवर कुणाला काही कळू द्यायचे नाही, हे तिने इस्पितळाच्या लिफ्टमध्येच ठरवून टाकले होते. खोकी घेऊन उतरले की सगळे खोक्यांवर तुटून पडतील, डॉक्टर काय म्हणाले हे कोण विचारतेय? रिकामी गेले तर मात्र चेहराच वाचतील.

"कुठल्या बेटावरच्या तुम्ही?" मागच्या म्हाताऱ्याने विचारले.

"मोलोकाई."

"मग आधी सांगायचं नाही का! ए पोरी, माझ्या सहा हिच्या खोक्यात घाल. मला नुसती कॉफी दे."

"माझ्यापण घाला," त्याच्या मागची बाई म्हणाली. "माझी सासू तिथलीच. रिकाम्या हातांनी गेलं की कसं बोलून दाखवतात, मला विचारा!"

आणखी एकाने आपल्या सहा दिल्या. रांगेत हशा पिकला. जोसेलिनने डोळे फिरवले, पण चोवीस करंज्यांची दोन खोकी नीट दोरीने बांधून दिली. मोमीला रडू फुटेल असे वाटले. ती पैसे देऊन, आभार मानून धावतच बाहेर पडली.

विमानतळावर तिच्या बहिणीचा मुलगा केकोआ काउंटरला होता. नऊ माणसांचे विमान. सामानाबरोबर माणसांचेही वजन करतात. दर खेपेला केकोआ आकडा पाहून म्हणायचा, "आंटी, भात कमी कर, पायलट घाबरतो."

मोमी दोन्ही हातांत खोकी घेऊनच काट्यावर चढली.

"खोकी खाली ठेव ना, आंटी. त्यांचं वेगळं करतो."

"राहू दे रे. दोरी सुटतेय. असंच लिही."

केकोआने आकड्याकडे पाहिले. मग संगणकावर तिची मागच्या महिन्याची नोंद उघडली, आणि पुन्हा काट्याकडे पाहिले. खोक्यांसकटसुद्धा आकडा पंधरा पौंडांनी कमी होता.

मोमीच्या मागे रांग खोळंबली होती, कुणीतरी खाकरले.

"तुझ्या आईला सांगू नकोस," मोमी हळूच म्हणाली. "रविवारी मीच सांगेन."

केकोआने मान डोलावली. आकडा लिहून घेतला. मग काउंटरला वळसा घालून तो बाहेर आला, तिच्या हातांतली खोकी त्याने एका हातात घेतली आणि दुसरा हात तिच्यापुढे धरला. काटा जमिनीपासून जेमतेम चार बोटे उंच होता. मोमीने त्याचा हात धरला आणि खाली उतरली.