एका चुलीला एकच पाकीट

लाखनीच्या बाजारात किराण्याचं दुकान चालवणारे जागेश्वर स्वतःला लग्नपत्रिकांच्या पाकिटांचे मोठे जाणकार समजत. कोणाच्या घरी लग्न निघालं, की दौत-टाक घेऊन हे हजर. घरात म्हातारा असेल तर पाकिटावर म्हाताऱ्याचंच नाव, पोरगा कितीही मोठा साहेब होवो. खाली 'सहपरिवार'. पाकीट चिकटवायचं नाही, उघडंच टाकायचं. आणि सगळ्यांत मोठा कायदा म्हणजे, एका चुलीला एकच पाकीट. एका घरात दोन गेली तर गाव समजणार, घरात वाटणी झाली.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्या स्वतःच्या लेकीचं, रुखमिणीचं लग्न ठरलं, मग तर त्यांना कोण चेव चढला. भंडाऱ्याहून छापून आलेल्या पत्रिकांच्या कोपऱ्यांना त्यांची बायको गोदावरीबाई हळद-कुंकू लावत होती आणि हे भिंतीला टेकून वळणदार अक्षरात पत्ते लिहीत होते.

"कोंढ्याचं पाकीट माह्या बहिणीच्या नावानं लिवा," गोदावरीबाई म्हणाली.

जागेश्वरांचा टाक थांबला. "तिथं मारोतराव जिता-जागता आहे. त्याले सोडून त्याच्या वयनीले पत्रिका?"

"त्याहीले वेगळी लिवा."

"आन् त्यायचं घर फोडल्याचं पाप घेऊ काय डोक्यावर? काही तरीच सांगतेस, ईश्वरची माय."

गोदावरीबाई उगाच हट्ट करणारी बाई नव्हती. आई लवकर गेली, तेव्हा या थोरल्या बहिणीनं, बेबीबाईनं, तिला लहानाची मोठी केली होती. पुढे बेबीबाईचा नवरा वारला आणि ती कोंढ्याला धाकट्या दिराकडे, मारोतरावांच्या घरात राहू लागली. मागे मुलाच्या, ईश्वरच्या लग्नाला 'मारोतराव सहपरिवार' म्हणून पत्रिका गेली. सगळं घर आलं, बेबीबाई तेवढी म्हशींचं दूध काढायला घरी राहिली. विधवेला मांडवात मुद्दाम कोण आणतो? एसटीतून एकेक पाहुणा उतरताना गोदावरीबाई दारात उभी होती आणि शेवटी बसचं दार लागलं, तेव्हा तिला सूनमुख पाहण्याचीही हौस उरली नव्हती. ते दुःख तिला परत नको होतं. बहिणीशिवाय लेकीवर अक्षता टाकायला तिचा हात उठला नसता.

दुपारी जागेश्वर जेवून आडवे झाले. गोदावरीबाईनं टाक उचलला. शाळा चौथीत सुटलेली, त्यात शाईनं बोटं माखली. 'श्रीमती बेबीबाई लांजेवार, मु. पो. कोंढा' एवढं लिहिताना तिला घाम फुटला. कोपऱ्याला हळदीबरोबर कुंकूही लावलं, आणि पाकीट गठ्ठ्याच्या मधोमध सरकवून दिलं. संध्याकाळी जाणकारांनी स्वतःच्या हातानं तो गठ्ठा पोस्टात नेऊन टाकला.

पुढच्या आठवड्यात भर उन्हात मारोतराव दारात उभे. पाणीसुद्धा न घेता बाजेवर बसले.

"जागेश्वरभाऊ, आमची वाटणी कधी झाली? पोस्टमननं भर चौकात वयनीचं नाव पुकारलं. सारं गाव मले इचारून राहिलं, वयनी वेगळी निंगाली काय म्हणून."

जागेश्वरांना काही कळेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि मग सगळं कळलं. ते तोंड उघडणार, तोच गोदावरीबाई पुढे आली.

"मीनं लिवलं, भाऊ. ईश्वरच्या लग्नाले 'सहपरिवार' लिवलं होतं. तुमचा सारा परिवार आला, माही बहीण नाही आली. मंग मले वाटलं, ते तुमच्या परिवारात नाही. म्हणून तिले वेगळी धाडली."

मारोतरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. मनानं माणूस वाईट नव्हता. घरात चालत आलंय ते चालू द्यायचं, एवढंच त्याला येत होतं. वहिनीला मागे ठेवताना आपण काही केलं, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"आणा ते पाकीट," जागेश्वर घाईघाईनं म्हणाले. "तुमच्या नावाचं तं गेलंच आहे, हे फाडून टाकतो."

"कुठून आणू? वयनी देतच नाही ना. मांगतलं तं म्हणे, माह्या नावानं आलं, मी ठेवीन. येवढ्या वर्षात पयल्यांदा मले उलटून बोलली." बोलता बोलता मारोतरावांना हसू फुटलं, आणि मग ते गोदावरीबाईकडे न पाहताच म्हणाले, "घरी पापड-कुरडया सुरू झाल्या असतील तुमच्या."

"आता होतीन."

"मंग वयनीले परवाच्या गाडीनं धाडतो. बहिणीच्या घरचं लगन आहे, पाव्हण्यासारखी अक्षता टाकाले कायले येईल? आमी येऊ मागून."

"म्हशी?" जागेश्वरांनी विचारलं.

"माही बायको काढीन दूध. तिले येते."

गोदावरीबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि पाणी आणायला आत वळली.