लॅथ्रॉपांची पाच लेकरं

आमच्या गावच्या दफनभूमीत गवत कापायला लागलो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि अक्कल बेताचीच होती. गाव वसवणाऱ्या लॅथ्रॉप घराण्याच्या जागेत, नावं कोरलेल्या पाट्यांच्या मागे, पाच ओबडधोबड दगड जमिनीतून वर आले होते. दर आठवड्याला यंत्राचं पातं त्यांवर आपटून बोथट व्हायचं. एक दिवस वैतागून पाचही उपटले आणि कुंपणाच्या भिंतीत बसवून टाकले.

ती थडगी होती, हे मला सात-आठ वर्षांनी कळलं. पहिल्या पिढीला पाट्या कोरून घ्यायला सवड कुठली? शेतातला दगड आणायचा नि रोवायचा. घटसर्पाने एकाच हिवाळ्यात गेलेली पाच भावंडं होती ती. कळल्यावर मी काय केलं? मूग गिळून गप्प बसलो.

या एप्रिलमध्ये मिस हेस्टर लॅथ्रॉप आल्या. वय एक्क्याण्णव, घराण्यातल्या शेवटच्या, जीभ अजून तिखट.

"वेन्डेल, दफनभूमीची कमिटी म्हणते, नकाशात तुमची मागची जागा मोकळी आहे, तुम्ही गेलात की तिथे तुमची शवपेटी ठेवू. मोकळी कशी? आजोबांची पाच भावंडं आहेत तिथे. मी शिकागोची नोकरी सोडून परत आले तेव्हा दगड दिसले नाहीत, वाटलं जमिनीत रुतले. मला माझ्या माणसांतच निजायचंय रे. पण त्या पोरांच्या हाडांवर कुदळ पडणार असेल तर नको. कुठे आहेत ती?"

खड्डा मलाच खणायचा होता. सगळं सांगून टाकलं.

"गाढवा! तीस वर्षं मी अंदाजाने फुलं ठेवतेय, आणि तू शेजारी टोपी काढून उभा राहायचास!"

"लाज वाटायची, बाई."

"उपटताना वाटायला हवी होती. चल, शोध आता."

दोन वाकड्या तारा मुठीत सैल धरून चाललो. खाली थडगं असलं की त्या एकमेकींवर आडव्या येतात. शिकलेली माणसं हसतात, हसोत बापडी. मग लोखंडी सळई टोचून खात्री केली. पाचही सापडली, अगदी खेटून. मधे एकच पट्टा रिकामा होता, जेमतेम दोन फुटांचा.

"पेटी नाही मावायची, बाई." हे सांगताना मला रडू आवरेना.

त्या बाकावर टेकल्या. लॅथ्रॉपांत आजवर कोणाला जाळलेलं नव्हतं. तसलं काही त्यांना मुळीच पटत नसे. मग त्यांनी त्या रिकाम्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"राख तर मावेल ना?"

"मावेल. पण तुम्हाला..."

"गप्प बस. सगळ्यात धाकटी आठ महिन्यांची होती. ती कुठल्या बाजूला?"

"पट्ट्याच्या डावीकडे. सगळ्यात लहान जागा तिचीच आहे."

"मग मला जरा डावीकडे सरकवून ठेव."